ड्राफ्ट बिअरची लाइन कशी धुवावी: नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी

केगमधून, म्हणजे बिअरच्या धातूच्या पिंपातून, निघालेली बिअर ग्लासात पडेपर्यंत ज्या वाटेने जाते, ती वाट बहुतेक ठिकाणी कोणाच्याही नजरेस पडत नाही. टॅप चकचकीत पुसलेला असतो आणि ग्लास स्वच्छ असतो, परंतु या दोहोंच्या मागे असलेल्या नळीच्या आत काय साचले आहे हे बाहेरून कळण्याचा मार्ग नसतो. नवीन माणूस साहजिकच जे दिसते ते पुसतो आणि जे दिसत नाही ते चव बिघडल्यावर पाहू असे ठरवतो. या कामातील सर्वांत मोठी चूक हीच आहे, कारण चव बिघडल्याचे जिभेला जाणवते तेव्हा नळीच्या आतला थर चांगलाच रुजलेला असतो आणि नेहमीच्या एका धुण्याने तो निघत नाही. म्हणून लाइन, म्हणजे ही नळी, धुण्याची तारीख जिभेवर नव्हे, तर कॅलेंडरवर ठरते.

नळीत नेमके काय साचते

बिअरमध्ये प्रथिने, साखरेचे अंश, हॉप्समधील राळ आणि थोडे यीस्ट असते. हे सर्व नळीच्या आतल्या भिंतीला हळूहळू चिकटते, त्यावर जीवाणू आणि जंगली यीस्ट वस्ती करतात आणि एक बुळबुळीत पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा आपल्या आतल्या जीवाणूंचे रक्षण करतो, त्यामुळे नुसते पाणी कितीही वेळ सोडले तरी तो हलत नाही. दुसरा प्रकार खनिजांचा आहे. बिअरमधील कॅल्शियम आणि ऑक्झॅलेट यांचा संयोग होऊन कॅल्शियम ऑक्झॅलेटचा टणक, खरखरीत थर बसतो, ज्याला या व्यवसायात बिअरस्टोन म्हणतात. पहिल्या प्रकारच्या मळासाठी अल्कली म्हणजे कॉस्टिक लागते, तर दुसऱ्यासाठी आम्ल लागते. एकाचे काम दुसरे करीत नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की केली तर पुढचे वेळापत्रक पाठ करावे लागत नाही. ते आपोआप समजते.

बिअर नासवणाऱ्या जीवाणूंची ओळख वासावरून पटते. पेडिओकोकस वाढला की डायअॅसिटिल तयार होऊन लोण्यासारखा वास येतो, लॅक्टोबॅसिलसमुळे बिअर आंबट होते, आणि अॅसिटोबॅक्टरमुळे व्हिनेगरचा वास येतो. यांपैकी अॅसिटोबॅक्टरला हवा लागते, म्हणून व्हिनेगरचा वास आला तर आधी टॅप, ठिबकपात्र आणि त्याखालचा निचरा तपासावा, कारण हवेशी संबंध येणारी ठिकाणे तीच आहेत. हे जीवाणू सहसा माणसाला आजारी पाडत नाहीत. बिअरमधील मद्यार्क, आम्लता आणि हॉप्स यांमुळे रोगजंतूंना तेथे वाढणे कठीण जाते. तरीही आजार होत नाही म्हणून धुणे लांबवणाऱ्या माणसाच्या हाती केगमधल्या चांगल्या बिअरची चव गेलेलीच असते.

किती दिवसांनी धुवावे, याबद्दल अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस अनेक ठिकाणी आधारासाठी घेतली जाते. तिच्यानुसार दर १४ दिवसांनी कॉस्टिकने लाइन धुवावी, त्याच वेळी सर्व टॅपचे भाग सुटे करून हाताने घासावेत आणि कपलरही (केगच्या तोंडाला बसून गॅस आणि बिअरच्या नळ्या जोडणारे भाग) साफ करावेत, आणि दर तीन महिन्यांनी आम्लाने धुवावे. ब्रिटनमध्ये आठवड्याला एकदा लाइन धुण्याची रीत रूढ आहे. माझ्या मते नव्या माणसाने १४ दिवस ही कमाल मर्यादा समजावी, सरासरी नव्हे. चौदावा दिवस गर्दीचा असेल तर धुणे तेराव्या दिवशीच उरकावे.

आधी सुरक्षितता

धुण्याची रसायने ही भांडी घासण्याच्या साबणासारखी नसतात. सोडियम हायड्रॉक्साइड किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड असलेले द्रावण कातडी भाजते आणि डोळ्यांत गेले तर दृष्टीला कायमची इजा करू शकते. म्हणून रबरी हातमोजे आणि बाजूंनी बंद असलेला चष्मा घातल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडू नये. नेहमी पाण्यात रसायन ओतावे, रसायनात पाणी कधीही ओतू नये, कारण संहत कॉस्टिक पाण्यात मिसळताना बरीच उष्णता निघते आणि उलट क्रम केल्यास द्रावण उसळून अंगावर येते. डोळ्यांत किंवा अंगावर उडाल्यास वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटे धुवावे आणि त्यानंतर डॉक्टरांकडे जावे. आधी मालकाला कळवू, मग धुऊ असा क्रम ठेवू नये.

कॉस्टिक आणि आम्ल एकाच बादलीत, एकामागोमाग लाइनमध्ये किंवा एकाच फडक्यावर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. दोहोंमध्ये भरपूर पाणी सोडणे अनिवार्य आहे. क्लोरीन असलेले ब्लीच आम्लाशी मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. कॉस्टिक अॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये, कारण त्या धातूवर त्याची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. या कामासाठी प्लास्टिकची स्वतंत्र, ठळक चिठ्ठी लावलेली बादली ठेवावी. पेय प्यायच्या ग्लासात किंवा रिकाम्या बाटलीत रसायन काढून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती पहिल्याच दिवशी मोडावी. धुताना प्रत्येक टॅपवर “धुणे चालू आहे, ओतू नये” अशी पाटी अडकवावी. गर्दीच्या वेळी काउंटरवर दुसरा माणूस येतो, टॅपचा दांडा ओढतो आणि ग्लासात कॉस्टिक येते, हा प्रसंग केवळ कल्पनेतला नाही.

रसायनापेक्षा शांतपणे येणारा धोका केगमधून बिअर ढकलणाऱ्या गॅसचा आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तो थंड खोलीच्या तळाशी साठतो. कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीसाठी ५,००० पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांत ५,००० भाग) ही मर्यादा मान्य आहे, तर ४०,००० पीपीएम हे प्रमाण जिवाला तत्काळ धोक्याचे मानले जाते. थंड खोलीत गॅसमापक बसवलेला असेल तर त्याचा गजर खोटा मानून बंद करू नये, तर खोलीबाहेर यावे. २० अंश तापमानाला सिलिंडरमधील दाब सुमारे ५७ बार असतो, म्हणून सिलिंडर उभा ठेवून साखळीने बांधावा आणि रेग्युलेटरशिवाय (दाब कमी करून नियंत्रित ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय) त्याला काहीही जोडू नये.

तयारी: आकडे आधी कागदावर

नळीचे आतील व्यासमान आणि लांबी ठाऊक असल्याखेरीज किती द्रावण आणि किती पाणी लागेल हे सांगता येत नाही. ४.८ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे १८ मिलिलिटर द्रव मावतो, तर ९.५ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ७१ मिलिलिटर मावतो. म्हणजे फ्रिजमधल्या केगला जोडलेली तीन मीटरची बारीक नळी जेमतेम ५४ मिलिलिटर धरते, पण थंड खोलीतून टॅपपर्यंत ३० मीटर गेलेली जाड नळी दोन लिटरहून थोडा अधिक द्रव धरते. दुसऱ्या नळीत पहिल्यासारखे अंदाजाने पाणी सोडणारा माणूस रसायन पुरते काढूच शकत नाही. हे आकडे एका वहीत, प्रत्येक टॅपच्या नावापुढे लिहून ठेवावेत. एकदा केलेले हे काम पुढे वर्षभर पुरते.

द्रावण किती तीव्र करावे, यासाठी बाटलीवरील सूचना हाच पहिला आधार आहे. नियमित धुतल्या जाणाऱ्या लाइनसाठी सुमारे २ टक्के कॉस्टिक पुरते, तर जुन्या किंवा त्रास देणाऱ्या लाइनसाठी ३ टक्क्यांपर्यंत जावे लागते. ही टक्केवारी वजनाची असते आणि ती बाटलीतल्या द्रवाची नव्हे, तर प्रत्यक्ष कॉस्टिकची असते, हा फरक नेहमी घोटाळा करतो. उदाहरणार्थ, बाटलीत २५ टक्के कॉस्टिक असेल आणि आपल्याला १० किलो द्रावण २ टक्क्यांचे हवे असेल, तर २०० ग्रॅम कॉस्टिक लागते, म्हणजे बाटलीतला ८०० ग्रॅम द्रव लागतो. कमी तीव्रतेने मळ सुटत नाही आणि जास्त तीव्रतेने काम लवकर होत नाही. उलट वॉशर खराब होतात आणि नंतरचे धुणे लांबते.

द्रावणाचे तापमान २७ ते ४३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे. थंड नळीतून फिरताना ते झपाट्याने उतरते, म्हणून बादलीत थर्मामीटर ठेवून सुरुवात वरच्या टोकाला करणे बरे. खूप गरम पाणी वापरले तर काम लवकर होईल असे वाटते, पण त्याने प्लास्टिकच्या नळ्या मऊ होतात आणि जोड सैल पडतात.

येथे एक गोष्ट खास लक्षात ठेवण्यासारखी आहे. अनेक ठिकाणी दाबाचे धुण्याचे भांडे थेट कार्बन डायऑक्साइडच्या लाइनला जोडून द्रावण ढकलले जाते. हा वायू कॉस्टिकशी संयोग पावून सोडियम कार्बोनेट बनवतो, म्हणजे आपण विकत आणलेली ताकद वाटेतच खर्ची पडते. शिवाय अशा भांड्यात द्रावण स्थिर राहते, वाहत नाही. पंपाची सोय असेल तर पंपच वापरावा. ती नसेल आणि भांडेच वापरावे लागत असेल, तर द्रावण नळीत किमान २० मिनिटे राहू द्यावे आणि मध्ये ते एक-दोनदा ताजे भरावे. पंपाने फिरवताना १५ मिनिटे पुरतात.

लाइन धुण्याचे काम

सर्वप्रथम केगचा गॅस बंद करावा आणि नंतर कपलरचा दांडा वर उचलून तो केगवरून काढावा. गॅस चालू असताना कपलर ओढल्यास बिअर आणि फेस तोंडावर येतो, आणि ही चूक प्रत्येक जण एकदा करतोच. नंतर लाइनमध्ये उरलेली बिअर थंड पाण्याने पुढे ढकलून टॅपमधून बाहेर काढावी. बिअर शिल्लक असताना कॉस्टिक सोडले तर तिच्यातील आम्ल आणि विरघळलेला वायू कॉस्टिकला निष्प्रभ करतात, म्हणून हे पाणी सोडणे केवळ औपचारिकता नाही.

त्यानंतर टॅप शँकवरून, म्हणजे टॅप ज्यावर बसतो त्या लाइनला जोडलेल्या धातूच्या नळकांड्यावरून, काढावेत. त्यांची कडी पान्याने सोडवायची असते आणि समोर उभे राहून पाहिले असता ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यास सैल होते. नेहमीच्या नटाच्या उलट दिशा असल्याने नवखा माणूस जोर लावून ती आणखी घट्ट करतो. टॅप निघाल्यावर त्याच्या जागी पंपाची नळी शँकला जोडावी. दोन लाइन एकदम धुता येतात, आणि तसेच करावे: थंड खोलीच्या टोकाला दोन्ही लाइनचे कपलर धुण्यासाठीच्या जोडकपात अडकवले की वळसा पूर्ण होतो. द्रावण बादलीतून पंपात, पंपातून पहिल्या शँकमध्ये, तेथून थंड खोलीत, जोडकपातून दुसऱ्या लाइनमध्ये आणि शेवटी दुसऱ्या शँकमधून परत बादलीत येते. कपलरच्या आत द्रव एकाच दिशेने जाऊ देणारी लहान गोळी असते. उलट दिशेने पंप करताना ती वाट अडवते. जोडकपाला तिला उचलून धरणारी टोकदार सोय नसेल, तर ती काढून ठेवावी आणि पुन्हा बसवायला विसरू नये. गोळी विसरल्याचे पुढच्या केगच्या वेळी कळते, तेही कपलर काढताच उलट्या वाहणाऱ्या बिअरवरून.

आता द्रावण फिरवण्यास सुरुवात करावी. प्रवाहाचा वेग हा या सगळ्या कामाचा कणा आहे. चांगला टॅप मिनिटाला सुमारे ३.८ लिटर बिअर देतो; धुताना प्रवाह त्याच्या दुप्पट, म्हणजे मिनिटाला साधारण ७.५ लिटरपर्यंत असावा असा ठोकताळा आहे. मळ रसायनाने सैल होतो, पण तो भिंतीवरून खरवडून बाहेर नेण्याचे काम वाहते पाणी करते. मोजपात्र आणि घड्याळ घेऊन एकदा प्रवाह मोजावा: अर्ध्या मिनिटात बादलीत जेवढे आले त्याच्या दुप्पट करावे. आकडा फार कमी आला तर पंप लहान आहे, नळी कोठेतरी चेपली आहे किंवा वळशात गरजेपेक्षा अधिक लाइन जोडल्या आहेत असे समजावे. वळशातील लाइन कमी केल्या की वेग वाढतो.

१५ मिनिटे संपेपर्यंत बसून राहू नये, कारण तेवढ्यात हाताचे काम उरकता येते. टॅपचे सर्व भाग वेगळे करावेत, कोमट द्रावणात भिजवावेत आणि लहान ब्रशने आतून घासावेत. जेथे दांडा आत फिरतो तेथे आणि नळीच्या मुखाच्या आतल्या कडेला बहुतेक वेळा पिवळसर-तपकिरी थर सापडतो. तो पाहून पुढच्या वेळी काम चुकवण्याची इच्छा राहत नाही. वॉशर आणि ओ-रिंग घासताना चिरलेल्या, चपट्या झालेल्या किंवा कडक पडलेल्या वेगळ्या काढाव्यात व नव्या बसवाव्यात. त्यांना वंगण लावायचे असेल तर खाद्यपदार्थांसाठी मान्य असलेले सिलिकोन वंगणच लावावे. स्वयंपाकाचे तेल लावल्यास फेस मरतो. कपलरही याच वेळी घासावा, विशेषतः केगच्या तोंडाला लागणारा भाग. नायट्रोजनवर चालणाऱ्या काळ्या बिअरच्या टॅपमध्ये अगदी बारीक छिद्रे असलेली तबकडी असते. ती काढून उजेडासमोर धरावी आणि एकही छिद्र बुजलेले नाही याची खात्री करावी.

पाण्याने धुणे आणि त्याची परीक्षा

कॉस्टिक फिरवून झाल्यावर बादली रिकामी करून स्वच्छ थंड पाणी सोडावे. ते फिरवायचे नाही, तर सरळ बाहेर जाऊ द्यायचे, कारण फिरवलेले पाणी तेच रसायन पुन्हा आत नेते. लाइनच्या आकारमानाच्या अनेक पट पाणी सोडावे आणि तरीही डोळ्यांवर किंवा बोटांना लागणाऱ्या निसरडेपणावर विश्वास ठेवू नये. पाण्याची आम्लता किंवा अल्कता रंगाने दाखवणारी पीएच पट्टी घ्यावी. लाइनमध्ये जाणाऱ्या पाण्याचा पीएच आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच एकाच रंगाचे दिसेपर्यंत पाणी चालू ठेवावे. नळाचे पाणी स्वतःच ८ असेल तर ७ येईपर्यंत वाट पाहणे व्यर्थ आहे. तुलना आपल्याच पाण्याशी करायची असते. पीएचची ही मोजपट्टी १९०९ मध्ये एस. पी. एल. सोरेनसेन यांनी कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली, म्हणजे बिअरच्या व्यवसायातच जन्मलेले हे साधन त्याच व्यवसायात अनेकदा विसरले जाते.

पाणी निर्मळ झाल्यावर टॅप, कपलर आणि त्यातली ती गोळी जागेवर बसवावी, प्रत्येक जोड हाताने तपासावा, केग जोडून गॅस चालू करावा आणि पाणी जाऊन बिअर येईपर्यंत टॅप उघडा ठेवावा. पहिले मिश्रण फेकून द्यावे. नंतर एक ग्लास भरून आधी वास घ्यावा आणि मग चव पाहावी. या वेळी पाणचट चव लागली तर लाइनमध्ये अजून पाणी आहे, आणि साबणासारखी किंवा जिभेला झोंबणारी चव लागली तर पाण्याचे काम अर्धवट राहिले आहे. पाट्या उतरवण्याची वेळ ही चव घेतल्यानंतरची आहे, आधीची नव्हे.

वहीत लगेच नोंद करावी: तारीख, कोणते रसायन, किती टक्के, सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान, प्रवाह, बदललेले वॉशर आणि धुणाऱ्याची सही. काही महिन्यांनी एकच टॅप पुन्हा पुन्हा त्रास देतो असे लक्षात आले तर कारण या नोंदीतच सापडते.

तीन महिन्यांचे आम्ल

आम्लाने धुण्याचा क्रम वेगळा नसतो. कॉस्टिकचे धुणे आणि पाण्याचे धुणे पूर्ण झाल्यावर त्याच वळशातून फॉस्फोरिक आम्लासारखे, बिअरच्या लाइनसाठी तयार केलेले द्रावण बाटलीवरील प्रमाणात फिरवावे आणि पुन्हा पीएच जुळेपर्यंत पाणी सोडावे. क्रम उलटा करू नये. वरचा सेंद्रिय पापुद्रा तसाच असताना आम्ल खालच्या खनिजापर्यंत पोहोचत नाही. बिअरस्टोन हा केवळ घाणीचा प्रश्न नाही: त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर विरघळलेला वायू सुटू लागतो आणि बिअर विनाकारण फेसाळते.

फेसाबद्दल मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. फेस आला की नवा माणूस लाइन घाण आहे असे म्हणून धुवायला घेतो, तर बहुतेक वेळा बिअर गरम झालेली असते. केगमधील बिअर सुमारे ३ अंशांवर असावी. म्हणून आधी ग्लासात ओतलेल्या बिअरचे तापमान मोजावे, मग रेग्युलेटरचा दाब पाहावा, मग टॅप, आणि शेवटी लाइन. लांब लाइन गारठवणाऱ्या ग्लायकॉलच्या यंत्रणेचेही तापमान पाहावे. केवळ पहिलाच ग्लास फेसाळत असेल आणि पुढचे नीट येत असतील, तर टॅप आणि शँक उबदार झाले आहेत असे समजावे. त्यावर रसायनाचा उपाय नाही.

रोजचे छोटे काम आणि ग्लास

दिवसाच्या शेवटी टॅपचे मुख पाण्याने धुऊन पुसावे, ठिबकपात्र उचलून त्याखालची जागा साफ करावी आणि निचऱ्यात पाणी सोडावे. ठिबकपात्र दोन दिवस तसेच राहिले की फळमाशा येतात, आणि त्या टॅपवर बसून आपल्यासोबत जीवाणू आणतात. ओतताना टॅपचे मुख ग्लासातल्या बिअरमध्ये किंवा फेसात बुडू देऊ नये. बुडालेल्या मुखात बिअर चिकटून राहते आणि तेथेच व्हिनेगरची सुरुवात होते.

ग्लास नीट नसेल तर लाइनवर केलेली सगळी मेहनत व्यर्थ जाते. ग्लास धुण्यासाठी चरबीवर आधारित साबण वापरू नये, कारण त्याचा अंश काचेवर राहून फेस मारतो. धुतल्यावर टॉवेलने पुसू नये, तर हवा खेळणाऱ्या जाळीवर उलटा वाळू द्यावा. तपासणी सोपी आहे: ओल्या ग्लासाच्या आत मीठ भुरभुरावे, जेथे मीठ चिकटत नाही तेथे तेलकटपणा उरलेला आहे. ग्लासात बिअर ओतल्यावर बाजूच्या काचेला ठिकठिकाणी बुडबुडे चिकटून बसत असतील तरीही तोच निष्कर्ष काढावा.

गॅसच्या बाजूकडे फार क्वचित लक्ष जाते. कपलरमधील झडप नीट न बसल्यास बिअर उलट गॅसच्या नळीत शिरते आणि तेथे सडते. गॅसच्या नळीत ओल किंवा पिवळेपणा दिसला तर ती धुण्यापेक्षा बदलणे सरळ. केग संपताच फेस अडवून लाइन भरलेली ठेवणारे उपकरण लावलेले असेल, तर लाइन धुताना तेही उघडे ठेवून त्यातून द्रावण जाऊ द्यावे आणि दर सहा महिन्यांनी ते पूर्ण उघडून हाताने घासावे.

नळ्या बदलण्याचा काळ ठरलेला असतो. थंड खोलीत केगपासून भिंतीपर्यंत जाणाऱ्या प्लास्टिकच्या लहान नळ्या आणि फ्रिजमधील लहान लाइन वर्षातून एकदा बदलाव्यात, कारण त्यांच्या भिंतीत रसायन आणि मळ दोन्ही मुरतात. लांब लाइनच्या जाड बंडलातील नळ्या सामान्यतः दहा वर्षांच्या आसपास चालतात. ज्या लाइनमधून फळांच्या स्वादाची किंवा रूट बिअरसारखी तीव्र वासाची पेये गेली आहेत, त्या लाइनवर साधी लागर जोडण्यापूर्वी नळी बदलावी. धुऊन वास गेल्यासारखा वाटतो, पण पुढच्याच केगमध्ये तो परत येतो.